83 व्या पेन्सिल्व्हेनिया पलटणीतील एका साध्या शिपायाची सेवा: ती कागदांतून कशी शोधावी आणि कशी लिहावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ईरी शहराच्या परिसरातील एका लहान गावात राहता. गावच्या दफनभूमीत पांढऱ्या संगमरवराचा एक जुना दगड आहे. त्यावर ढालीच्या आकाराची खोबण असून तिच्यात एक नाव आणि ‘कंपनी सी, 83 पेन्सिल्व्हेनिया इन्फन्ट्री’ एवढेच कोरलेले आहे. जन्म-मृत्यूच्या तारखाही नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेच्या म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, आठवीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला या शिपायाविषयी दोन पाने वाचून दाखवायची आहेत. तो गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप या टेकडीवर लढला, असे गावात सांगतात. ते खरे आहे का हे कसे पाहावे, जो ना सेनापती होता ना कोणी नावाजलेला माणूस, त्याच्याविषयी लिहावे तरी काय, आणि भारतातून आलेल्या कुटुंबाने या कामात पडावे का, असे आपण विचारले आहे.

अमेरिकन यादवी युद्धातील (1861 ते 1865, उत्तरेकडील केंद्र सरकार विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये) शिपायांची कागदपत्रे शोधून त्यांच्या सेवेचा वृत्तान्त जुळवण्याचे काम मी 22 वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून आधीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढील सगळे विवेचन तिच्याशी जोडलेले आहे: पलटणीचा इतिहास म्हणजे त्या माणसाचा इतिहास नव्हे. या कामातील सर्वांत सामान्य चूक हीच असते. पलटणीचे नाव मिळते, त्या पलटणीने लढलेल्या लढायांची यादी मिळते, आणि लिहिणारा त्या यादीतील प्रत्येक लढाईत आपल्या शिपायाला उभा करतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, परंतु भातावरून एका शिताची परीक्षा होत नाही.

तरीही पलटण आधी समजून घ्यावी लागते, आणि आपली 83 वी पेन्सिल्व्हेनिया ही काही साधीसुधी पलटण नव्हती. ईरी येथे कर्नल जॉन मॅक्लेन यांनी ती उभी केली आणि सप्टेंबर 1861 मध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीवर केंद्र सरकारच्या सेवेत दाखल झाली. पहिल्या हिवाळ्यात कवायतीतील कौशल्याबद्दल तिला फ्रेंच शॅसूर म्हणजे हलक्या पायदळाच्या सैनिकांच्या धर्तीचे गणवेश बक्षीस मिळाले होते. 27 जून 1862 रोजी रिचमंड शहराजवळ गेन्स मिल येथे कर्नल मॅक्लेन मारले गेले आणि पलटणीची मोठी हानी झाली. त्यानंतर चारच दिवसांनी माल्व्हर्न हिल येथे पुन्हा मोठी हानी झाली. मग दुसरी बुल रन, डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्ग, 1863 च्या मे महिन्यात चॅन्सलर्सव्हिल, 2 जुलैला गेटिसबर्ग, 1864 च्या मे महिन्यात वाइल्डरनेस आणि स्पॉटसिल्व्हेनिया, त्यानंतर पीटर्सबर्गचा दीर्घ वेढा, आणि शेवटी 9 एप्रिल 1865 रोजी ॲपोमॅटॉक्स, जिथे दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. ली यांच्या सैन्याने 12 एप्रिलला रांगेने येऊन शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ती स्वीकारण्यासाठी उभ्या असलेल्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे अनेक पलटणींच्या गटात, ही पलटण होती.

या पलटणीविषयीची एक आकडेवारी आपल्या मुलाने अवश्य लक्षात घ्यावी. संपूर्ण युद्धात गोळीपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले. हगवण, आमांश, विषमज्वर, हिवताप अशा रोगांनी घेतलेले बळी एकूण मृत्यूंच्या साधारण दोन तृतीयांश होते. 83 व्या पेन्सिल्व्हेनियात मात्र हे प्रमाण उलटे दिसते. लढाईत मारले गेलेले किंवा जखमांनी दगावलेले 282, रोगांनी गेलेले 153. लढाईतील मृत्यूंच्या संख्येत केंद्राच्या सगळ्या पायदळी पलटणींत तिचा क्रमांक दुसरा लागतो. तिच्या वर फक्त 5 वी न्यू हॅम्पशायर आहे, 295 मृत्यूंची. असे असूनही गावाच्या आठवणीत एकटे गेटिसबर्ग उरते. त्या टेकडीवर या पलटणीचे सुमारे 55 जण मेले किंवा जखमी झाले. गेन्स मिलला त्याहून कितीतरी अधिक. परंतु गेन्स मिलची लढाई केंद्राने हरली होती आणि ते ठिकाण दूर व्हर्जिनियात आहे, तर गेटिसबर्ग आपल्याच राज्यात आहे, तिथे स्मारके आहेत आणि शाळांच्या सहली जातात. आपला शिपाई लिटल राउंड टॉपवर होता, हे वाक्य जितक्या घरांत ऐकू येते तितकी माणसे त्या दिवशी त्या टेकडीवर मावली नसती.

आता कागदांकडे वळू. राष्ट्रीय उद्यान सेवेची सैनिकांची नावे शोधण्याची सोय ऑनलाइन उपलब्ध आहे. तिच्यात सुमारे 63 लाख नोंदी आहेत. ही संख्या माणसांची नाही, नावांची आहे, कारण एकाच शिपायाचे नाव तीन प्रकारे लिहिले गेले असेल तर तिथे तीन नोंदी दिसतात. म्हणून दगडावरच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. जर्मन आणि आयरिश आडनावे कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. पेन्सिल्व्हेनियासाठी दुसरा चांगला आधार म्हणजे सॅम्युअल बेट्स यांनी राज्याच्या वतीने 1869 ते 1871 या काळात पाच खंडांत छापलेला राज्याच्या स्वयंसैनिकांचा इतिहास. त्यात कंपनीवार (कंपनी म्हणजे पलटणीचा एक भाग) नावांच्या याद्या असून प्रत्येकापुढे भरतीची तारीख आणि एका ओळीचा शेरा आहे. तो उपयुक्त आहे, परंतु त्यात चुका भरपूर आहेत. त्याला वाट दाखवणारा मानावे, साक्षीदार मानू नये.

साक्षीदार वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ते दोन आहेत: एक सेवेची फाइल, दुसरी पेन्शनची फाइल. दोन्ही मागवा. उत्तर यायला वेळ लागतो, काही वेळा महिनोन्महिने, तेव्हा मे महिन्यासाठी अर्ज आजच करावा हे बरे.

सेवेची फाइल उघडल्यावर बहुतेकांची निराशा होते. आत पत्रे नसतात, लढायांची वर्णने नसतात. पोस्टकार्डाहून थोडी मोठी दहा-पंधरा कार्डे असतात. ही कार्डे युद्धकाळातील नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. 1890 च्या दशकात पेन्शनच्या अर्जांचा ढीग वाढला, मूळ हजेरीपट हाताळून हाताळून फाटू लागले, तेव्हा युद्धखात्याने कारकुनांची फौज बसवून प्रत्येक हजेरीपटावरील प्रत्येक नावासाठी एकेक कार्ड लिहून काढले. म्हणजे आपण वाचतो ती जवळजवळ तीस वर्षांनंतर केलेली नक्कल असते. तरीही या कार्डांत एक विलक्षण गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांचा ठेका. पगारासाठीची हजेरी दर दोन महिन्यांनी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी घेतली जाई: फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. प्रत्येक कार्डावर दोन महिन्यांचे नाव आणि ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ असा शेरा असतो. गैरहजर असेल तर कारण, म्हणजे आजारी, जखमी, रजेवर, कैदेत, किंवा दुसऱ्या कामावर पाठवलेला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच ठेक्यात सापडण्याचा संभव आहे. 30 जून 1863 हा हजेरीचा दिवस होता, आणि गेटिसबर्ग येथे 83 वी पलटण उभी राहिली ती 2 जुलैला. म्हणजे लढाईच्या दोनच दिवस आधी माणसे मोजली गेली. मे-जूनच्या कार्डावर ‘हजर’ असेल आणि जुलै-ऑगस्टच्या कार्डावरही ‘हजर’ असेल, तर तो टेकडीवर होता असे मानायला चांगला आधार आहे. जुलै-ऑगस्टच्या कार्डावर ‘2 जुलैपासून जखमी, गैरहजर’ असे असेल तर शंका उरत नाही. मे-जूनच्या कार्डावर ‘गैरहजर, आजारी, इस्पितळात’ असे असेल तर गावची गोष्ट बहुधा खरी नाही. चौथी शक्यता अधिक अवघड आहे. कार्डावर ‘हजर’ असते, पण खाली बारीक अक्षरात ‘ब्रिगेडच्या गाड्यांवर’, ‘रुग्णवाहिकेवर’ किंवा ‘इस्पितळात शुश्रूषक’ असा शेरा असतो. असा माणूस सैन्याबरोबर होता, परंतु गोळीबाराच्या रांगेत होता असे म्हणता येत नाही.

या शेवटच्या शेऱ्याकडे माझे एकदा दुर्लक्ष झाले होते. कामाला लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. एका कुटुंबासाठी मी त्यांच्या पणजोबांच्या वडिलांविषयी चार पाने लिहिली आणि फ्रेडरिक्सबर्गच्या उतारावर त्यांना मोठ्या ऐटीत चढवले. कुटुंबाने ती पाने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. पुढे पेन्शनची फाइल आली, आणि तिच्यात त्या गृहस्थांनी स्वतःच शपथेवर सांगितले होते की, त्या संपूर्ण हिवाळ्यात आपण खेचरांच्या गाड्या हाकत होतो आणि चिखलात रुतलेल्या गाडीखाली आपला पाय सापडला. मी नवी पाने लिहून पाठवली. ती त्यांनी लावली की नाही हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. परंतु त्या खेचरगाड्यांवरच त्या लढाईतल्या माणसांचे खाणे आणि काडतुसे येत होती, हे लिहिताना मला पहिल्या चार पानांपेक्षा अधिक समाधान वाटले होते.

सेवेच्या फाइलीत भरतीच्या वेळचे वर्णनही मिळते: उंची, वर्ण, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, जन्मगाव, व्यवसाय. बहुतेक शिपायांचा एकही फोटो उरलेला नाही, तेव्हा ‘पाच फूट सात इंच, निळे डोळे, शेतकरी’ एवढ्या ओळीतच तो माणूस दिसतो. केंद्राच्या सैन्यात जवळजवळ निम्मे शिपाई शेतकरी होते. वयावर मात्र विश्वास ठेवू नये; अठराच्या आतील मुले वय वाढवून सांगत आणि पंचेचाळिशीच्या पुढचे कमी करून. भरतीची तारीख बारकाईने पाहावी, कारण तिच्यात पुष्कळ दडलेले असते. 1861 च्या सप्टेंबरात आलेला माणूस स्वतःहून आला होता. मार्च 1863 च्या कायद्याने सक्तीची भरती सुरू झाली, आणि नाव निघालेल्याला आपल्याऐवजी पैसे देऊन बदली माणूस पाठवता येत असे, किंवा पहिल्या वर्षी 300 डॉलर भरून सुटका करून घेता येत असे. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना 13 डॉलर होता, म्हणजे ही रक्कम जवळपास दोन वर्षांच्या पगाराएवढी झाली. 1864 नंतर आलेला शिपाई सक्तीने आलेला, बदली म्हणून आलेला किंवा मोठ्या बक्षीस-रकमेसाठी आलेला असू शकतो. त्याने त्याची सेवा कमी ठरत नाही. पीटर्सबर्गच्या खंदकात बदली शिपायालाही तेवढीच थंडी वाजत होती. पण तो ‘देशाच्या हाकेला धावून आला’ असे वाक्य त्याच्याविषयी लिहिण्याआधी थांबावे.

आपल्याच पलटणीबाबत एक व्यावहारिक सूचना करून ठेवतो. मूळ तीन वर्षांची मुदत सप्टेंबर 1864 मध्ये संपली. ज्यांनी पुन्हा नाव नोंदवले नव्हते ते घरी गेले, आणि उरलेल्यांची कमी कंपन्यांत फेरजुळणी झाली. त्यामुळे एकाच माणसाच्या फाइलीत दोन कंपन्यांची नावे आढळली तर गोंधळून जाऊ नये. दगडावर त्यांपैकी कोणतीही एक असू शकते.

कार्डांपैकी एखाद्यावर ‘पळून गेला’ असा शेरा निघाला तर काय करायचे, हेही सांगितले पाहिजे, कारण तो अनेकदा निघतो आणि मग लोक फाइल बंद करून ठेवतात. हजेरी घेणाऱ्या सार्जंटसमोर माणूस उभा नसेल आणि त्याचा ठावठिकाणा कळलेला नसेल, तर हा शेरा मारला जाई. शिपाई रस्त्यात तापाने पडलेला असे, कोणीतरी त्याला दुसऱ्याच शहरातील इस्पितळात पोहोचवलेले असे, आणि इस्पितळाचा कागद पलटणीपर्यंत पोहोचलेला नसे. दुसऱ्या एका पलटणीतील एका शिपायाला डिसेंबर 1862 मध्ये पळपुटा ठरवले गेल्याचे मी पाहिले आहे. इस्पितळांच्या नोंदी अभिलेखागारात वेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि त्या काढल्यावर तो त्या तारखेला विषमज्वराने फिलाडेल्फियात खाटेवर होता असे निघाले. 1880 च्या दशकात अमेरिकन संसदेने असे आरोप पुसून टाकण्याची सोय कायद्याने केली, आणि आरोप पुसला गेल्याची नोंद फाइलीतच वेगळ्या कागदावर असते. अर्थात काही जण खरोखरच पळून गेले होते. शेतात पीक उभे आहे, बायकोचे पत्र आले आहे, आणि सहा महिने पगार नाही, अशा अवस्थेत. तेही लिहावे. तेराचौदा वर्षांच्या मुलाला ते समजते.

आता पेन्शनची फाइल. मला विचाराल तर खरा माणूस इथे भेटतो. ही फाइल वीस पानांची असू शकते किंवा दोनशे पानांची. 14 जुलै 1862 च्या कायद्याने युद्धात अपंग झालेल्यांना, तसेच मृतांच्या विधवांना, मुलांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मातांना पेन्शन मिळू लागली. 27 जून 1890 च्या कायद्याने ती फारच विस्तारली: किमान 90 दिवस सेवा केलेली असावी आणि अर्जदार कष्टाचे काम करण्यास असमर्थ असावा, मग ते अपंगत्व युद्धातले नसले तरी चालेल. 1904 पासून वार्धक्य हेच अपंगत्व धरले जाऊ लागले. याचा परिणाम असा की, युद्धानंतर पंचवीस-तीस वर्षे जगलेल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रीय शिपायाने कधीतरी अर्ज केलेला असतो. पेन्शनच्या नावांच्या कार्डसूचीची छायाचित्रे ऑनलाइन आहेत. तिची एक प्रत पलटण आणि कंपनी यांच्या क्रमानेही लावलेली आहे, आणि स्पेलिंग चुकलेला माणूस शोधायला तीच कामी येते.

अर्जदाराला सिद्ध करावे लागे की आपण तेच आहोत आणि आपला त्रास तिथलाच आहे. म्हणून कंपनीतील सोबती, शेजारी, गावचा डॉक्टर, जुना मालक यांची प्रतिज्ञापत्रे येत. ‘मी त्याच्याबरोबर एकाच तंबूत होतो, माल्व्हर्न हिलहून परतताना पावसात आम्ही रात्रभर चाललो, आणि तेव्हापासून त्याला संधिवात आहे’, अशा धर्तीची ती विधाने असतात. शिपायांच्या तोंडून आलेले युद्धाचे इतके साधे वर्णन मला दुसरीकडे आढळलेले नाही. मात्र सावध राहावे. पेन्शन मिळवून देणारे दलाल असत, आणि चार वेगवेगळ्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे एकाच हस्ताक्षरात, एकाच शब्दयोजनेत आली, तर ती दलालाची भाषा आहे हे ओळखावे. वर्षे जात तशा जखमाही वाढत. त्यामुळे 1865 च्या जवळचे विधान आणि 1895 चे विधान यांत फरक पडला, तर मी सहसा आधीचे मानतो.

विधवेला आपले लग्न सिद्ध करावे लागे, आणि नोंदणीचा दाखला नसेल तर ती घरच्या बायबलमधील जन्म-विवाहाच्या नोंदींचे पान फाडून पाठवी. ती मूळ पाने आजही फाइलींत आहेत. मुलगा युद्धात मेल्यावर पेन्शन मागणाऱ्या आईला दाखवावे लागे की, तो अविवाहित होता आणि घर त्याच्या पैशावर चालत होते. त्यासाठी तिच्याकडे एकच पुरावा असे, मुलाने छावणीतून लिहिलेली पत्रे, ज्यांत ‘दहा डॉलर पाठवले आहेत, पोहोचले का ते कळव’ असे वाक्य असे. तिने ती पत्रे खात्याकडे दिली आणि ती परत आली नाहीत. अशी पत्रे मी सहा-सात फाइलींत पाहिली असतील. घड्यांवर फाटलेली, पेन्सिलीने लिहिलेली, आणि ज्या ओळीत पैशाचा उल्लेख आहे तिच्याखाली खात्यातील कारकुनाने ओढलेली रेघ. पत्रात मित्र मेल्याची बातमी असेल, पण रेघ दहा डॉलरखाली.

आपला शिपाई युद्धानंतर गावात परतून जगला असेल तर आणखी तीन ठिकाणी पाहावे. 1890 च्या जनगणनेचे मुख्य तक्ते आगीच्या घटनेनंतर जवळजवळ सगळे नष्ट झाले, परंतु केंद्रीय सैनिक आणि त्यांच्या विधवा यांची त्या वेळी केलेली वेगळी यादी वर्णानुक्रमाने केंटकीपासून पुढच्या राज्यांसाठी उरली आहे. पेन्सिल्व्हेनिया त्यात येते हे आपले भाग्य. तिच्यात सेवेचा काळ आणि शारीरिक तक्रार दिलेली असते. 1915 मध्ये पेन्शन खात्याने हयात पेन्शनरांकडून जन्म, विवाह आणि मुलांची नावे-तारखा विचारणारी प्रश्नावली भरून घेतली होती; ती पेन्शनच्या फाइलीतच मिळते आणि वंशावळ शोधणाऱ्यांसाठी सोन्याची खाण असते. आणि त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रे, ज्यांत मृत्युलेखाबरोबर तो ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या कोणत्या शाखेत होता हेही कळते. 1866 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे 1890 च्या सुमारास चार लाखांहून अधिक सदस्य होते, आणि 1956 मध्ये शेवटचा सदस्य गेल्यावर ती संपली. आपल्या दफनभूमीत काही थडग्यांशेजारी झेंडा खोवण्यासाठी पाच टोकांच्या ताऱ्याची धातूची खूण दिसत असेल, तर ती त्यांचीच.

दगडाविषयीही थोडे. ढालीची खोबण असलेला हा संगमरवरी दगड सरकारी आहे. 1873 मध्ये राष्ट्रीय दफनभूमींसाठी असे दगड मंजूर झाले आणि 1879 पासून खासगी व गावच्या दफनभूमींतील केंद्रीय शिपायांनाही ते मिळू लागले. तारखा नसणे हा त्या नमुन्याचाच भाग आहे, त्यामुळे कोणी निष्काळजीपणा केला असे समजू नये. दगड मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बसवलेला असू शकतो, आणि क्वचित खाली कोणीच पुरलेले नसते. दफनभूमीच्या वहीत नोंद पाहिल्याशिवाय ‘येथे चिरनिद्रा घेत आहे’ असे लिहू नये.

लेखन कसे करावे, यावर माझे मत थोडे कडक आहे. क्रियापदे कागदाने दिलेलीच वापरावीत. कागद म्हणतो ‘हजर होता’, तर आपणही तेच म्हणावे. ‘प्राणपणाने लढला’ हे आपण म्हणू नये, कारण ते कोणीही पाहिलेले नाही. मुलाने असे लिहिले तरी पुष्कळ झाले: ‘30 जून 1863 रोजी त्याच्या कंपनीची हजेरी झाली तेव्हा तो हजर होता. दोन दिवसांनी त्याची पलटण लिटल राउंड टॉपच्या उतारावर, डाव्या हाताला 20 वी मेन आणि उजव्या हाताला 44 वी न्यूयॉर्क या पलटणींच्या मध्ये उभी होती.’ पहिले वाक्य माणसाविषयी आहे, दुसरे पलटणीविषयी, आणि दोहोंमधील अंतर ऐकणाऱ्याला कळते. ‘त्याला काय वाटले असेल’ या प्रकारची वाक्ये शाळेत आवडतात हे मी जाणतो. ती मी खोडतो.

युद्ध कशासाठी होते हे दोन पानांतून गाळू नये. ते गुलामगिरीवरून पेटले. केंद्राचा प्रत्येक शिपाई गुलामगिरी नष्ट करण्यासाठी भरती झाला असे मात्र नाही. अनेकांनी देश एकसंध राहावा म्हणून, काहींनी पगारासाठी, तर काहींनी भाऊ गेला म्हणून नाव नोंदवले, आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1 जानेवारी 1863 रोजी केलेल्या गुलामांच्या मुक्तिघोषणेवर छावण्यांमध्ये रोषही होता. आपल्या शिपायाचे मत कागदात नसेल तर ते त्याच्या तोंडी घालू नये. परंतु तो ज्या सैन्यात होता त्या सैन्याने अखेर काय केले, हे सांगता येते. त्याच दफनभूमीत ‘यू. एस. सी. टी.’ अशी अक्षरे असलेला दगड आहे का, हेही पाहून यावे. ही अक्षरे कृष्णवर्णीय पलटणींची आहेत. अशा सुमारे 1,79,000 शिपायांनी सेवा केली आणि फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेन येथे त्यांच्या 11 पलटणी तयार झाल्या. गोऱ्या शिपायाला 13 डॉलर मिळत तेव्हा त्यांना 10 डॉलर ठरले होते, आणि त्यातूनही 3 डॉलर कपड्यांसाठी कापले जात. जून 1864 मध्ये संसदेने समान वेतनाचा कायदा केला.

आपल्या संकोचाविषयी. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि त्याचे कारण त्या लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी दाखवलेले औदार्य आणि केलेला स्वार्थत्याग हेच दिले. पुण्यात बसून ज्यांना ती अर्पणपत्रिका लिहावीशी वाटली, त्या लोकांपैकी एक जण आपल्या गावच्या दफनभूमीत आहे. दुसरा दुवा इतका उदात्त नाही. युद्धात दक्षिणेकडचा कापूस बंद झाल्याने खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांसह तो सगळा डोलारा कोसळला. ॲपोमॅटॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या ईरीच्या शेतकऱ्याला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. तेव्हा हे काम करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. त्या शिपायाचे वंशज गावात असतील तर त्यांना आधी विचारावे. ते एवढ्यासाठी, की त्यांच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असू शकते.

शेवटी त्या दिवसाच्या तयारीचे. दगड घासायला तारेचा ब्रश आणि ब्लीच कदापि वापरू नये. जुना संगमरवर साखरेसारखा सुटतो. दफनभूमीच्या समितीची परवानगी घेऊन साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे, आणि दगड हलत असेल तर त्याला हात लावू नये. अक्षरे वाचता येत नसतील तर कागद ठेवून पेन्सिल घासण्याऐवजी संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढावा. मेमोरियल डेला झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो, त्यानंतर पूर्ण वर चढवतात. मुलाचे वाचन सकाळी ठेवावे. फाइल हातात आली की पहिल्या कार्डापासून वाचत बसू नका. मे-जून 1863 चे कार्ड आधी काढा, ‘हजर’ या शब्दाखालची बारीक अक्षरे वाचा, आणि ती लागली नाहीत तर त्या कार्डाचा फोटो मला पाठवा.